अपघातात एक मित्र गेला, वाचलेला व्यायामच करत नाहीये : काय करावं?

तुझा प्रश्न नीट वाचला. मला समजलं ते आधी लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघं कॉलेजपासूनचे दोस्त. हायवेला मागून टेम्पोने उडवलं, गाडी चालवणारा वाचला आणि मागे बसलेला जागेवर गेला. वाचलेल्याच्या मांडीच्या हाडात रॉड टाकलाय, आता सात आठवडे झालेत, तो कराडजवळ गावी आईवडिलांकडे आहे. तू पुण्यात नोकरीला, सुट्टीला जातोस. तो व्यायाम करत नाही, घरी येणाऱ्या फिजिओला उद्या या म्हणून परत पाठवतो, फोन उचलत नाही, घरचे म्हणतात आळशी झालाय. तू त्याच्यासमोर हसतखेळत राहतोस आणि परतीच्या एसटीत रडत येतोस. आणि शेवटी विचारलंयस की तो गेलेल्या मित्राच्या आईला भेटायचं म्हणतोय, नेऊ का नको.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेत, बरीच वर्षं हाडांचेच पेशंट बघते. मानसोपचारातली डिग्री माझ्याकडे नाही, त्यामुळे मनाबद्दल जे लिहीन ते पेशंटच्या शेजारी बसून बघितलेलं आणि कामापुरतं शिकलेलं आहे असं धरून वाच. तुला तू म्हणतेय, चालेल ना.

तू विचारलंस त्याला मोटिव्हेट कसं करू. माझ्या मते इथे मोटिव्हेशनचा प्रश्नच नाहीये. मी नवीन पेशंटला सुरुवातीलाच एक विचारते, बरा झालास की पहिलं काय करायचंय. लोक पटकन सांगतात, कुणाला रानात जायचं असतं, कुणाला पोराला शाळेत सोडायचं असतं, कुणाला नुसतं आपल्या पायाने बाथरूमला जायचं असतं. ज्याच्या बरोबरचा माणूस अपघातात गेलाय तो या प्रश्नाला गप्प बसतो. एक्सरे छान असला तरी गप्प बसतो. त्याला बरं व्हायचं नसतं असं नाही, पण बरं होणं म्हणजे गेलेल्याला मागे टाकून आपण पुढे निघून जाणं, असं आत कुठेतरी घट्ट बसलेलं असतं, आणि पाय दुखतोय तोवर निदान आपण काहीतरी फेडतोय असं वाटत असतं. हे कुणी तोंडाने बोलत नाही. घरच्यांना दिसतो तो आळस. त्यात तुझा मित्र स्वतः गाडी चालवत होता, म्हणजे टेम्पोची चूक शंभर टक्के असली तरी त्याच्या डोक्यात रात्री तेच चालू असणार, मी हँडल डावीकडे घेतलं असतं तर, चहाला थांबलो असतो तर.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. फ्रॅक्चर मांडीच्या मध्यावर आहे का गुडघ्याच्या सांध्यापर्यंत गेलंय, हाडाचे किती तुकडे झाले होते, यावर पायावर वजन कधी टाकायचं ते ठरतं. मधल्या साध्या फ्रॅक्चरला रॉड टाकला की बरेच सर्जन लवकर वजन टाकायला सांगतात, सांध्यात गेलेलं असेल तर थांबवतात. म्हणून माझ्या शेजारच्याचा पण रॉड होता तो महिन्यात चालला, असली तुलना घरात कुणाला करू देऊ नकोस. दुसरं, डोक्याला मार लागला होता का? लागला असेल आणि तो आता विसरतोय, चटकन भडकतोय, उजेड आवाज सहन होत नाहीये, तर ते दुःखाच्या खात्यात न टाकता डॉक्टरांना सांगायचं. तिसरं, अपघाताआधीपासून दारू किंवा डिप्रेशन होतं का. असेल तर खाली जे लिहितेय ते पुरणार नाही, सायकियाट्रिस्ट लवकर लागेल.

पायाचं आधी सांगते, कारण मनाला वेळ देता येतो, गुडघ्याला तेवढा देता येत नाही. हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, ते आपलं आपलं चालू असतं, त्यात तुझ्या मित्राने काही करायची फार गरज नाही (सिगरेट, तंबाखू, गुटखा बंद करणं सोडून, कारण निकोटिनने हाड जुळणं लांबतं हे नक्की आहे, आणि अपघातानंतर पोरं नेमकं तेच वाढवतात). पण गुडघा हलवला नाही तर मांडीचे स्नायू आतल्या हाडाला चिकटायला लागतात, सांध्याचं आवरण आवळतं आणि मग तो गंजलेल्या बिजागरीसारखा अडकतो. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण ६० अंश वाकला तरी निभतं. जिने चढायला, खुर्चीतून नीट उठायला ९० ते १०० लागतात. भारतीय संडासात बसायला, मांडी घालायला त्याहून बरंच जास्त. तीन महिन्यांपर्यंत जे वाकलं नाही ते पुढे नुसत्या व्यायामाने वाकवणं फार जड जातं, मग भूल देऊन वाकवा किंवा पुन्हा ऑपरेशन करा, असं बोलणं सुरू होतं. सात आठवडे म्हणजे वेळ गेलेली नाही, पण जायला आलीय.

म्हणून त्याला बरं हो म्हणू नकोस. ते फार मोठं आहे आणि त्याच्या मनात नेमकं तेच अडकलंय. त्याला म्हण, बाकी सगळं राहू दे, आपण फक्त टाच सरकवू.

हे कसं करायचं ते नीट सांगते. खाली सतरंजी नको, गुळगुळीत फरशी किंवा पलंगावर प्लायचा तुकडा. पायात मोजा, खाली थोडी टाल्कम पावडर. पाठीला भिंतीचा टेका, पाय सरळ, आणि टाच फरशीवरून हळूहळू आपल्याकडे ओढायची, अडली की तिथे दहा आकडे मोजून धरायचं, मग सोडायचं. त्याच्या टाचेपाशी फरशीला चिकटपट्टीचा तुकडा लाव, त्यावर पेनने तारीख टाक. फरशीच्या सांध्याची रेघ असेल तर अजून सोपं, आज रेघेच्या अलीकडे, चार दिवसांनी रेघेवर. आमच्याकडे अंश मोजायचं गोनिओमीटर असतं पण घरी चिकटपट्टीच जास्त काम करते, कारण ती तिथेच असते, जाता येता दिसते, आणि आई पण बघते. दुसरा व्यायाम गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी कडक होते का ते हात ठेवून बघायचं. तिसरा, घोट्यातून पाऊल वर खाली. हे तिन्ही दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. मात्र सर्जनने गुडघा वाकवायला मनाई केली असेल तर टाच सरकवणं आधी विचारूनच. दुखणार. व्यायाम करताना दुखलं आणि अर्ध्या तासात उतरलं तर ठीक. रात्रभर ठणकलं, गुडघा सुजून गरम झाला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, बंद नाही करायचं.

तू पुण्यात आहेस तर व्हिडिओ कॉल लाव, रोज एकच वेळ, समज रात्री नऊ. फोन त्याच्या पायाकडे तोंड करून ठेवायचा, चेहऱ्याकडे नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. चेहरा दिसला की तुम्हाला दोघांनाही काहीतरी बोलावं लागतं, तू जोक मारणार, तो हसल्यासारखं करणार. पाय दिसला की फक्त मोजायचं असतं. आणि मोजता मोजता तो एखाद दिवशी आपणहून बोलतो, तेव्हा मोजणं थांबव. त्या वेळात तू पण काहीतरी कर, जागेवर चाल, तुझे कपडे घडी घाल, नुसता सुपरवायझरसारखा बघत बसू नकोस.

गावात कुणीतरी चोळून देणारा सांगतीलच, नको. नव्या फ्रॅक्चरवर जोर लावून मालिश नाही, आणि पोटरीला तर बिलकुल नाही. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दाबल्यावर दुखली, गरम लागली तर आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. दम लागला, छातीत दुखलं तर तेवढाही वेळ न घालवता १०८ ला फोन. लोळून राहणाऱ्या पेशंटमध्ये ही भीती जास्त असते म्हणून तो पाऊल वर खाली करायचा व्यायाम मामुली समजू नका.

आता जे मला मुख्य सांगायचंय ते.

तू त्याच्यासमोर स्ट्राँग राहतोस. मला वाटतं तुमची गाडी नेमकी इथे अडलीय. त्याच्या बाजूने बघ. अपघातानंतर तो फक्त घेणारा झालाय. आई जेवण आणते, वडील पॉट देतात, भाऊ पैसे भरतो, तू इतका प्रवास करून येतोस आणि हसवतोस. ज्या माणसाला आधीच वाटतंय की मी एक जीव घालवला, त्याच्यावर तुम्ही सगळे मिळून रोज उपकार चढवताय. प्रेमानेच, पण चढवताय. त्याच्याकडून कोणी काही मागतच नाही. आणि जगात एकच माणूस असा आहे की ज्याला तुझं नेमकं काय गेलंय ते कळतं, तो म्हणजे तोच, आणि तू त्याच्यापासूनच लपवतोयस. त्याला काय दिसतं? की हा तर सावरला, मीच राहिलो. नाहीतर त्याहून वाईट, की हा माझ्यावर चिडलाय पण आजारी म्हणून बोलत नाहीये.

तर पुढच्या वेळी गेलास की धीर देऊ नकोस, तुझं सांग. मला झोप लागत नाही, परवा ऑफिसात त्याच्या आवडीचं गाणं लागलं आणि मी जिन्यात जाऊन बसलो, असं जे खरं असेल ते. रडू आलं तर येऊ दे. तो तुला काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही, कदाचित काहीच म्हणणार नाही, पाणी पुढे करेल. पण पाणी पुढे करणं हे सुद्धा त्याने सात आठवड्यांनी कुणासाठी तरी केलेलं काम असेल. मी ओपीडीत हे बघितलंय, दोघं मित्र शेजारी बसलेले, ज्याचा पाय मोडलाय तो दुसऱ्याच्या पाठीवर हात फिरवतोय, आणि त्या दिवशी त्याचा गुडघा रोजच्यापेक्षा जास्त वाकला. त्यात जादू नाही. माणूस धास्तावलेला, आवळून बसलेला असला की स्नायूही आवळलेले असतात, झोप नसली की तेच दुखणं जास्त दुखतं. मन सुटलं की अंग थोडं सुटतं.

इथे एक सावधगिरी आहे. तुझं दुःख सांगणं वेगळं आणि तुझी तक्रार त्याच्या डोक्यावर ठेवणं वेगळं. तुमच्यामुळे माझी रजा संपली, बॉस बोलतोय, आज चार तास उभं राहून आलो, हे त्याला नाही सांगायचं. मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क आणि मध्यस्थीचं काम करणारे बॅरी गोल्डमन यांनी २०१३ साली एक साधा नियम मांडला होता. संकट ज्याच्यावर आलंय त्याला मध्यभागी ठेवायचं, त्याच्याभोवती जवळच्यांचं वर्तुळ, त्याबाहेर लांबच्यांचं. आत आधार द्यायचा, कुरकुर बाहेरच्याकडे करायची. तुमच्यात थोडा गुंता आहे कारण मित्र गेल्याच्या दुःखात तुम्ही दोघंही जवळपास एकाच वर्तुळात आहात, पायाच्या बाबतीत तो मध्यभागी आहे, आणि गेलेल्याचे आईवडील तुम्हा दोघांच्याही आत आहेत. हे शेवटचं लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

आणि तुझ्याबद्दल. आपल्याकडे घरचं माणूस गेलं की दहा दिवस सुतक असतं, लोक भेटायला येतात, दहावा तेरावा होतो, ऑफिस रजा देतं. मित्राला यातलं काही नसतं. तू अंत्यविधीला गेलास, परत आलास, सोमवारी स्टँडअप मीटिंगला बसलास, आणि कोणी विचारलं नाही कारण तो तुझा कोण होता, मित्रच ना. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये या प्रकारच्या दुःखावर लिहिलं, ज्या दुःखाला समाज जागाच देत नाही ते. म्हणून तुझी झोप उडाली तर तू कमजोर नाहीस. पण दोघांचं दुःख एकट्याने पाठीवर घेऊन पुणे कराड करत राहिलास तर तू पण पडशील. तुमच्या ग्रुपमधल्या अजून दोघातिघांना कामं वाटून दे, स्पष्ट, तू बुधवारी फोन करायचा, तू फॉलोअपला गाडी आणायची. काही लागलं तर सांग म्हणणारे पुष्कळ असतात, त्यांना खरंच सांगायचं असतं.

भेटायला येणाऱ्यांचं दोन ओळीत. शहाळं, मोसंबी घेऊन येतात, पाच मिनिटं बसतात आणि विचारतात, झालं कसं. प्रत्येक वेळी त्याला ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि जाताना म्हणतात, नशीब तू वाचलास. यापेक्षा वाईट वाक्य त्याच्यासाठी नाही. तू नाहीतर त्याची आई दारातच सांगा, अपघाताचं विचारू नका, बाकी काहीही बोला, पाऊस बोला, निवडणूक बोला. एवढं केलंत तरी त्याची संध्याकाळ हलकी जाईल.

व्हॉट्सअॅपवर दुःखाचे पाच टप्पे फिरत असतात, नाकारणं, राग, वगैरे, आणि मग स्वीकार. कुणीतरी तुला पाठवलेच असतील. ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या सायकियाट्रिस्टने १९६९ मध्ये मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्या माणसांचं वेळापत्रक म्हणून नाही. तो अजून रागाच्या टप्प्यावर आहे असलं काही मोजत बसू नकोस. मला कामाला येतं ते दुसरं, मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या दुःखाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं, की माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो, कधी गेलेल्यात बुडतो, कधी रोजच्या जगण्याचं बघतो, आणि ही ये-जा हेच सावरणं असतं. मी पेशंटला सोप्या भाषेत सांगते की सकाळी टाच सरकवलीस म्हणून दुपारी रडायचा तुझा हक्क जात नाही. आज मॅच बघून ओरडला आणि रात्री फोटो बघत जागला, दोन्ही खरं. घरचे म्हणतील, कालपर्यंत तर बरा होता. हो, आणि उद्या परत बरा असेल, परवा नसेल.

आता त्या आईला भेटायचं. माझं उत्तर नेऊ नको असं नाही, ने, पण घाईने नको.

आधी तू एकटा जा, किंवा त्यांच्या घरातल्या काका-मामा कुणाला तरी विचार की तो यायचं म्हणतोय, काकूंना, म्हणजे गेलेल्या मित्राच्या आईला, चालेल का. त्या नाही म्हणाल्या तर नाही. महिनाभराने परत विचारता येतं. हो म्हणाल्या तर महिन्याच्या श्राद्धाची गर्दी असताना नको, साधा दिवस, दुपारी, घरात दोन-तीनच माणसं असताना. जाण्याआधी मित्राशी एक बोलून घे, तू तिथे कशासाठी जातोयस. काकूंनी मला माफ केलं असं म्हणावं यासाठी जात असेल तर अजून थांबा. कारण मग तो पायावर डोकं ठेवून रडणार आणि ज्या बाईचा पोरगा गेलाय तिलाच त्याची समजूत काढावी लागणार. वर्तुळाचं म्हणत होते ते हेच, आत फक्त आधार जातो. जायचं असेल तर हे द्यायला जायचं, तो शेवटच्या दिवशी कसा होता, काय खाल्लं, कशावर हसत होता. आईला बहुतेक तेच ऐकायचं असतं, आणि ते फक्त तुझ्या मित्राकडेच आहे. अपघाताचं त्यांनी स्वतः विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगायचं, त्रास झाला नाही असं खोटं बनवायचं नाही, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. त्या चिडल्या, तू का वाचलास असं तोंडातून गेलं, तर उत्तर द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं. हे होऊ शकतं याची कल्पना त्याला आधी दे. आणि त्याला अजून असं काही ऐकायची ताकद नसेल तर जायची वेळ झालेली नाही. तू बरोबर बस, अर्ध्या तासात उठा. त्यांच्या घराला पायऱ्या असतील तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे घरी दोनदा करून बघा, त्यांच्या दारात नको.

इथवर पाय आणि बोलणं झालं. पण काही गोष्टी मित्राने सांभाळायच्या नसतात, पुढे पाठवायच्या असतात. महिना उलटून गेल्यावरही अपघात डोळ्यासमोर पुन्हा घडल्यासारखा दिसत असेल, हॉर्न वाजला की घाम फुटत असेल, त्या रस्त्याचं नाव काढलं तरी उठून जात असेल, तर हा पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर होणारा मनाचा आजार, असू शकतो, त्यावर चांगले उपचार आहेत, वाट बघत बसायचं कारण नाही. अमेरिकेत पायाच्या गंभीर इजा झालेल्या पेशंटचा लीप नावाचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात दोन वर्षांनीसुद्धा दर दहापैकी सुमारे चार जणांना मानसोपचाराची गरज असावी अशी लक्षणं होती, आणि मदत मिळालेले त्यातले थोडेच होते. म्हणजे तुझा मित्र काही जगावेगळा नाही.

आणि मी पण गेलो असतो तर बरं झालं असतं, असं तो बोलला तर विषय बदलू नकोस. सरळ विचार, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने डोक्यात नवीन काही घुसत नाही, उलट बरेच जण सुटल्यासारखे बोलतात. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांपैकी एकाला सांगायचं, गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून चालू आहे, तू स्वतःसाठी पण लावू शकतोस. आणि एक घरगुती काम, वेदनेच्या आणि झोपेच्या गोळ्यांचा डबा त्याच्या उशाशी नको, आईकडे असू दे, रोजच्या रोज द्यायच्या. त्या गोळ्यांवर दारू तर अजिबातच नको, मित्र भेटायला येताना प्रेमाने बाटली आणतात, त्यांना तूच आवर.

कागदपत्रांचं पटकन सांगते, मी वकील नाही, पण पेशंटच्या घरात हे राहून गेलेलं फार बघते. टेम्पोवर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो, गेलेल्याच्या घरच्यांचा वेगळा आणि जखमीचा वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय, ती एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मुदतीवर कोर्टात वाद आहेत, तुम्ही त्या वादात न शिरता मुदतीतच वकील गाठा. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाचं बिल, पगाराच्या स्लिप, सगळं एका फाइलमध्ये. हे काम ग्रुपमधल्या ज्याला बोलता येत नाही पण धावपळ जमते अशा मित्राला दे, तसा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. आणि काकूंच्या घरचीही फाइल कुणी करतंय का तेवढं बघ, त्या घरात आत्ता कुणाला सुचत नसणार.

एक्सरेचा फोटो इथे टाकू नकोस, फोटोवरून सांगणं बरोबर नाही. पुढच्या फॉलोअपला तूही बरोबर जा आणि सर्जनला तीनच गोष्टी विचार. पायावर आजपासून किती वजन टाकायचं, गुडघा कितपत वाकवायला परवानगी आहे, आणि झोप लागत नाही, अपघात दिसतो हे सांगून सायकियाट्रिस्टची चिठ्ठी द्याल का. तिसरं तो स्वतः सांगणार नाही, तूच सांग, पण त्याच्यासमोर सांग, आणि आदल्या दिवशी त्याला विचारून सांग. उत्तरं मिळाली की इथे लिही, मग पुढच्या सहा आठवड्यांचा व्यायाम कसा वाढवायचा ते तुमच्या फिजिओला काय विचारायचं यासकट सांगते.